निदान, निश्चय आणि ‘मी’ : चिद्वादी तत्त्वज्ञानातील निर्णयविचार

प्रास्ताविक

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत तत्त्वज्ञानावरील लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला आहे. आपण डॉक्टर मंडळी सकाळपासून रात्रीपर्यंत एक कृती सतत करीत असतो. समोरच्या रुग्णाकडे पाहून, त्याचे ऐकून, त्याला तपासून आपण मनाशी ठरवतो, “हा अमुक आजार आहे.” औषध, इंजेक्शन, मोठ्या रुग्णालयाला लिहिलेली चिठ्ठी, हे सारे त्यानंतरचे. शरीररचना आपण शिकलो, औषधशास्त्र शिकलो. पण ठरवण्याच्या या कृतीचे स्वरूप काय, ती नेमकी कोण करतो, हे मात्र आपल्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते. तत्त्वज्ञांनी, त्यातही चिद्वादी परंपरेतील तत्त्वज्ञांनी, या एका कृतीचा फार बारकाईने विचार केला आहे. त्या विचाराचा एक महत्त्वाचा अध्याय मराठी मुलखात, खानदेशातील अमळनेरला लिहिला गेला. त्याची ओळख करून द्यावी आणि आपल्या व्यवसायाशी त्याचे नाते दाखवावे, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

चिद्वाद म्हणजे काय नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘चिद्वाद’ म्हटले की “सर्व काही मनातच आहे, बाहेर काही नाही” असे मत डोळ्यांसमोर येते. हे मत जर खरे असेल, तर डॉक्टरांनी दवाखाना बंद करून प्रवचने करावीत हे उत्तम! परंतु चिद्वादाच्या प्रमुख प्रवाहांनी असे म्हटलेले नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात विज्ञानवादी बौद्धांचे खंडन करताना, अनुभवास येणारा बाह्य पदार्थ नाकारता येत नाही, असेच प्रतिपादन केले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७८७ मध्ये काढलेल्या आपल्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत बाह्य वस्तूंचे अस्तित्व नाकारणाऱ्या मताचा प्रतिवाद मुद्दाम समाविष्ट केला.

मग चिद्वाद काय सांगतो? तो सांगतो की वस्तू ज्ञात होते ती ज्ञात्यामुळे. डोळे, कान, बोटे यांतून येणारी सामग्री म्हणजे अद्याप ज्ञान नव्हे. ती सामग्री एका जाणिवेत एकत्र यावी लागते, आणि त्या जाणिवेने तिच्याविषयी “हे असे आहे” असे म्हणावे लागते. हे म्हणणे म्हणजेच निर्णय. येथे ‘निर्णय’ हा शब्द ‘अमुक करावे’ या अर्थी नसून ‘अमुक आहे’ या अर्थी योजला आहे. आपल्या परंपरेतील त्याचे प्रतिशब्द ‘निश्चय’ किंवा ‘अध्यवसाय’. सांख्यांनी अध्यवसाय हेच बुद्धीचे लक्षण मानले. समर्थ रामदासांनी दासबोधात अंतःकरणाचे विवेचन करताना ‘होय की नव्हे’ असा संकल्प-विकल्प मनाकडे, तर निश्चय बुद्धीकडे सोपवला आहे. मन आणि बुद्धी यांतील ही सीमारेषा पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी.

एक ज्वराचा रुग्ण

विषय हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. हा कोणा विशिष्ट रुग्णाचा वृत्तांत नव्हे. आपल्या भागातील कोणत्याही पावसाळ्यात शोभेल असे हे चित्र आहे.

आपले रामनगर म्हणजे मुख्यतः सुपा धरणाच्या विस्थापितांची वसाहत. काळी नदीवरील हे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि तेथील माणसे येथे येऊन स्थिरावली. सभोवती जंगल, भातशेती आणि धुवाधार पाऊस. ऑगस्टमधील एका संध्याकाळी चाळिशीचा एक शेतकरी येतो. तीन दिवसांचा ताप, अंग मोडून आलेले, पोटऱ्या दाबताच तो कळवळतो, डोळे लाल. चिखलात लावणी झालेली. त्याचा भाऊ सांगतो की सकाळपासून लघवी कमी झाली आहे. हिवताप? डेंग्यू? लेप्टोस्पायरोसिस? हाच रुग्ण जंगलात पाचोळा गोळा करून फेब्रुवारीत आला असता, तर १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडतापही मनात आणावा लागला असता.

आता एक कल्पना करून पाहा. तापमान फक्त परिचारिकेला ठाऊक आहे, लघवी कमी झाल्याचे फक्त भावाला, पोटऱ्यांचे दुखणे फक्त रुग्णाला, आणि रक्तातील पेशींचा आकडा फक्त प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला. चार माणसांच्या चार डोक्यांत चार खऱ्या गोष्टी आहेत, पण निदान कोठेच नाही. ते तेव्हाच संभवते, जेव्हा या चारही गोष्टी एका जाणिवेत एकत्र येतात आणि ती जाणीव त्यांच्याकडे ‘माझ्यापुढील गोष्टी’ म्हणून पाहते. ‘मी विचार करतो’ हे भान माझ्या प्रत्येक प्रतीतीसोबत असू शकले पाहिजे, हा कांटचा गाजलेला सिद्धान्त याच गोष्टीकडे बोट दाखवतो. हा ‘मी’ पाचवे लक्षण नव्हे. तो केस पेपरवर कोठेही लिहिलेला नसतो. परंतु त्याच्यावाचून केस पेपरवरील नोंदी परस्परांशी बोलत नाहीत.

‘मला वाटते’ आणि ‘मी म्हणतो’

या ‘मी’ची साक्ष आपल्या भाषेच्या व्याकरणातही सापडते. मराठीत आपण ‘मला वाटते’, ‘मला दिसते’, ‘मला आठवते’ असे म्हणतो. येथे ‘मी’ कर्ता म्हणून उभा नाही. काहीतरी माझ्याकडे येते, माझ्या ठायी घडते. रुग्णही ‘मला ताप आला’, ‘मला बरे वाटत नाही’ असेच सांगतो. रामनगरच्या दवाखान्यात एकाच सकाळी तीन भाषा कानी पडतात, आणि तिन्हींत ही रचना आहे. कोकणीत ‘म्हाका दिसता’, कन्नडमध्ये ‘ननगे अनिसुत्तदे’. परंतु ‘मी ठरवतो’, ‘मी मानतो’, ‘मी म्हणतो’ असे आपण बोलू लागलो की ‘मला’ जाऊन ‘मी’ येतो. जे घडत होते, ते आता केले जाते.

माझ्या मते निर्णयाचे सारे मर्म या एका बदलात सामावले आहे. पोटऱ्या दुखतात आणि डोळे लाल आहेत हे ऐकताच डॉक्टरच्या मनात ‘लेप्टो’ हा शब्द आपोआप उमटतो. हे ‘मला वाटणे’ आहे. अनुभवी डॉक्टरच्या मनात तो लवकर उमटतो, नवख्याच्या मनात उशिरा. पण दोघांच्याही बाबतीत ते उमटणेच आहे. त्यानंतर डॉक्टर थांबतो, पर्याय पडताळतो आणि म्हणतो, “हा लेप्टोस्पायरोसिस आहे असे धरून मी उपचार सुरू करतो.” येथे निर्णय झाला.

या दोहोंत आणखी एक भेद आहे. ‘मला असे वाटते’ हे म्हणणे सहसा खोटे ठरत नाही, कारण ते फक्त माझ्याविषयी आहे. ‘हा लेप्टोस्पायरोसिस आहे’ हे मात्र खोटे ठरू शकते, कारण ते वस्तुस्थितीविषयी आहे. इंग्रज चिद्वादी ब्रॅडली याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडले की, प्रत्येक निर्णयाचे खरे उद्देश्य म्हणजे वाक्यातील कर्तृपद नसून समग्र वास्तव असते. निर्णय म्हणजे एक कल्पित आशय वास्तवाला लागू करणे. म्हणून निर्णय ‘माझा’ असला तरी तो मनमानी नसतो. करणारा मी, पण खरे-खोटे ठरवणारे वास्तव. चुकण्याची शक्यता पत्करल्यावाचून खरे बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

कांटचा वैद्य

कांटने आपल्या याच ग्रंथात दोन ठिकाणी वैद्याचे उदाहरण घेतले आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. ग्रंथाची पहिली आवृत्ती १७८१ ची.

पहिल्या ठिकाणी तो म्हणतो की एखाद्या वैद्याच्या, न्यायाधीशाच्या वा राज्यकर्त्याच्या डोक्यात उत्तमोत्तम नियम असू शकतात, तो ते इतरांना शिकवूही शकतो, आणि तरीही प्रत्यक्ष प्रसंगी ते लावताना अडखळतो. कारण नियम सामान्य असतो आणि प्रसंग विशेष. ‘हा प्रसंग त्या नियमात बसतो काय’ हे ठरवण्यासाठी आणखी एक नियम दिला, तर तो कधी लावावा यासाठी तिसरा लागेल, आणि या साखळीला अंत नाही. कोठेतरी नियम संपून निर्णय सुरू व्हावाच लागतो. ही शक्ती शिकवता येत नाही, सरावाने मात्र वाढते, असे कांट सांगतो. उदाहरणांना तो लहान मुलाच्या पांगुळगाड्याची उपमा देतो. आपण महाविद्यालयात वॉर्डातील फेऱ्या केल्या, केस सादर केल्या, तो आपला पांगुळगाडा होता. पुस्तक पाठ असलेला विद्यार्थी खाटेजवळ गोंधळतो आणि बेताचे गुण मिळवणारा अचूक बोट ठेवतो, हा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला चमत्कार यामुळे उलगडतो.

दुसरे उदाहरण अधिक मार्मिक आहे. रुग्ण धोक्यात आहे, वैद्याला रोग निश्चित कळलेला नाही, पण काहीतरी करणे भाग आहे. तो लक्षणे पाहतो आणि, याहून चांगले ठाऊक नसल्यामुळे, क्षय आहे असे ठरवतो. दुसरा वैद्य कदाचित अधिक योग्य निर्णय करील हेही तो जाणतो. अशा निश्चयाला कांट एक वेगळे स्थान देतो: पूर्ण ज्ञान नाही, पण पोकळ मतही नाही, कृतीला आधार देणारा विश्वास. आपल्या ऑगस्टमधील रुग्णाची स्थिती नेमकी हीच आहे. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिपिंडे रक्तात सापडू लागण्यास साधारण पाच ते सात दिवस जावे लागतात. औषध मात्र लवकर द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी बसलेल्या डॉक्टरला निर्णय टाळण्याची सवलत नाही. ‘उद्या पाहू’ हाही एक निर्णयच असतो.

आपला विश्वास किती खोल आहे हे पाहायला कांट पैजेची कसोटी सुचवतो. डॉक्टरांनी पैजा लावू नयेत; परंतु “हा माझा सख्खा भाऊ असता, तर हेच केले असते काय?” हा प्रश्न त्याच कसोटीचे आपले रूप म्हणता येईल.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

आता या विचाराच्या मराठी भूमीतील घराकडे वळू. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचा तौलनिक अभ्यास निवांतपणे व्हावा, यासाठी अभ्यासकांना विद्यावेतन देऊन तेथे ठेवले जाई. साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी काही काळ या मंदिरात अभ्यासक होते. घनश्यामदास मलकानी यांनी दीर्घकाळ या संस्थेची धुरा वाहिली आणि तेथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक चालवले. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ या संकल्पनेवर लिहिलेला ग्रंथ १९३३ चा. अज्ञान म्हणजे काय, यावर तीन विद्वानांनी एक ग्रंथ लिहावा, ही गोष्ट आपल्यासारख्या निदानाच्या धंद्यातील माणसांना अंतर्मुख करणारी आहे.

याच संस्थेने १९३० मध्ये बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा छोटेखानी, पण अत्यंत कठीण ग्रंथ प्रकाशित केला. पुढे ते काही काळ या संस्थेचे संचालकही झाले. ग्रंथाच्या नावाचा भावार्थ ‘ज्ञाता हाच मुक्तता’ असा करता येईल. भट्टाचार्यांचे म्हणणे ढोबळमानाने असे: ज्ञाता स्वतःला पायरीपायरीने विषयांपासून वेगळे ओळखत जातो. प्रथम शरीराच्या पातळीवर, मग प्रतिमा आणि विचार यांच्या पातळीवर, त्यापुढे भावना आणि अंतर्निरीक्षण यांच्याही पलीकडे. प्रत्येक पायरीवर, आधी जे ‘मीच’ वाटत होते, ते ‘माझ्यापुढील काहीतरी’ ठरते. हे अलग होणे म्हणजेच त्याची मुक्तता.

भट्टाचार्यांची दृष्टी मोक्षाकडे होती; दवाखान्यातील उपयोग हा त्यांचा विषय नव्हता. तरीही ही शिडी आपल्याला उपयोगी पडते असे मला वाटते. कालच डेंग्यूचा एक गंभीर रुग्ण पाहिला असेल, तर आज प्रत्येक तापात त्याचीच प्रतिमा दिसते. ती प्रतिमा माझ्यापुढे आहे, ती म्हणजे मी नव्हे, हे ओळखता आले की निर्णय मोकळा होतो. तसेच थकव्याचे, तसेच नातेवाइकांच्या धाकाचे, तसेच “माझे निदान सहसा चुकत नाही” या सुखद भावनेचे. निर्णय करण्यापूर्वी क्षणभर मागे सरून या साऱ्यांना समोर मांडणे, ही डॉक्टरला रोज साधता येईल अशी छोटीशी मुक्तता आहे.

‘नाही’ हे कसे कळते?

याच ग्रंथात भट्टाचार्य अभावाच्या ज्ञानाचा विचार करतात. आपल्या मीमांसकांनी व वेदान्त्यांनी या प्रश्नाचा फार काथ्याकूट केला आहे, आणि तो डॉक्टरांच्या थेट कामाचा आहे. “येथे घट नाही” हे मला कसे कळते? घट दिसत नाही, एवढ्यावरून नव्हे. अंधाऱ्या खोलीतही तो दिसत नाही. म्हणून कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्याला ‘योग्य’ हे विशेषण जोडले. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असूनही ती दिसत नाही, तेव्हाच तिचा अभाव सिद्ध होतो.

आपल्या हाती रोज येणाऱ्या ‘निगेटिव्ह’ अहवालांना ही कसोटी लावून पाहा. तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली, तर ती अंधाऱ्या खोलीतील अनुपलब्धी आहे, कारण ही प्रतिपिंडे साधारणतः पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. त्या वेळी एनएस-१ चाचणी हा दिवा. हिवतापाच्या एकाच निगेटिव्ह काचेने हिवताप नाही असे ठरत नाही. छातीत दुखू लागताच काढलेला पहिला ईसीजी सामान्य असला, तरी हृदयविकाराचा झटका नाही असे सिद्ध होत नाही. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये एक निर्णय उभा असतो, आणि तो प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येत नाही.

याचा सर्वांत गंभीर परिणाम आणखी एका वाक्यात दिसतो. “सर्व रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत,” हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! हाही एक अभावाचा निर्णय आहे. रोग असता तर या तपासण्यांत तो दिसलाच असता काय, हे विचारल्याशिवाय तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आतून जाणवणारे शरीर

भट्टाचार्यांनी शरीराच्या दोन रूपांत भेद केला आहे: बाहेरून दिसणारे शरीर आणि आतून जाणवणारे शरीर. डॉक्टर पहिल्याला तपासतो. दुसरे फक्त रुग्णापाशी असते. चरकसंहितेतही असा आशय आला आहे की, ज्ञानाचा दिवा घेऊन जो रुग्णाच्या अंतरात्म्यात शिरत नाही, तो रोगांवर चिकित्सा करू शकत नाही. हे शिरणे रुग्णाचे ऐकण्यातूनच होते. पोटऱ्या किती दुखतात हे कोणत्याही यंत्रावर उमटत नाही.

येथे समाजातील वाचकांसाठीही एक गोष्ट आहे. रुग्ण हा केवळ निर्णयाचा विषय नव्हे. तो स्वतः निर्णय करणारा आहे. रात्री गाडी करून त्याला बेळगावला वा गोव्याला न्यायचे, की येथेच दोन दिवस थांबायचे, हे ठरवताना डॉक्टरने आपला निश्चय आणि त्यातील अनिश्चितता, दोन्ही त्याच्या भाषेत सांगितली पाहिजेत. तसे झाले तरच “डॉक्टरांना वाटले म्हणून नेले” या ‘मला’च्या जागी “आम्ही ठरवले” हा ‘आम्ही’ येतो. संमतिपत्रावरील सही म्हणजे संमती नव्हे. समजून केलेला निर्णय म्हणजे संमती. आणि रुग्णानेही आपले जाणवणे लपवू नये, वाढवू नये. डॉक्टरच्या निर्णयाची अर्धी सामग्री त्याच्याच हाती असते.

यंत्राची बुद्धी

अलीकडे ईसीजीच्या कागदावर यंत्र स्वतःच अर्थ छापून देते, आणि क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली वापरात आल्या आहेत. त्यांची मदत नाकारण्यात शहाणपण नाही. काही ठिकाणी त्या आपल्या डोळ्यांपेक्षा बारीक पाहतात. परंतु वर केलेला भेद येथे फार मोलाचा आहे. यंत्र देते ते, फार तर, डॉक्टरच्या मनात उमटणाऱ्या पहिल्या शब्दासारखे असते: एक सुचवण, एक शक्यता. ती वास्तवाला लागू करून तिचे उत्तरदायित्व घेणारा ‘मी’ त्या कागदावर नसतो. छापील अर्थाखाली डॉक्टर सही करतो, तेव्हा तो निर्णय होतो; आणि न वाचता सही केली, तर निर्णय कोणीच केलेला नसतो, फक्त परिणाम रुग्णाने भोगायचा असतो.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर, चिद्वादी विचारातून आपल्या व्यवसायापुरते तीन बोध घेता येतात. पहिला, लक्षणे आणि अहवाल कितीही जमले, तरी ती एका जाणिवेत एकत्र येऊन “हे असे आहे” असे म्हटले जाईपर्यंत निदान होत नाही, आणि हे म्हणणे कोणत्याही नियमावर सोपवता येत नाही. दुसरा, ‘नाही’ म्हणण्यापूर्वी ‘असते तर दिसले असते काय’ हे विचारले पाहिजे. तिसरा, समोरचा रुग्णही तितकाच ज्ञाता आहे.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: रोगाची ओळख, आणि ‘किमान’. व्यवसायबंधूंना व भगिनींना माझी विनंती या दुसऱ्या अर्थाने आहे. दिवसाकाठी निदान एका रुग्णाबाबत तरी, चिठ्ठी लिहिण्यापूर्वी, स्वतःला विचारावे: हे मला वाटते आहे, की हे मी म्हणतो आहे? उत्तर ‘मी म्हणतो’ असे आले, तर त्यामागे आपले नाव निःशंकपणे लावावे. ते ‘मला वाटते’ असे आले, तर पुन्हा एकदा त्याच्या खाटेजवळ जावे.